गिटारचं लाकूड कोणी ठरवलं?

१८६२ साली आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने एक गिटार बनवली. वरची फळी नेहमीसारखी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाज घडतो तो वरच्या फळीत, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. टोनवुडबद्दल, म्हणजे वाद्याच्या आवाजासाठी निवडलेल्या लाकडाबद्दल, पुढे जे वाद झाले आणि अजून होतात, त्यांचं निम्मं उत्तर तोरेसने तेव्हाच देऊन ठेवलं होतं.

नुसत्या तारेचा आवाज अगदी क्षीण. तिचं कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे फळीला टेकतात त्या पट्टीतून, वरच्या फळीत उतरतं आणि ती फळी हवा हलवते. म्हणून ही फळी हलकी हवी. दुसरीकडे, स्टीलच्या सहा तारांचा मिळून ७० किलोंहून जास्त ताण तिला वर्षानुवर्षं पेलायचा असतो. हलकेपणा आणि ताठपणा एकत्र देणारी लाकडं मोजकीच, आणि स्प्रूस त्यात सर्वांत भरवशाचं. रेषांच्या दिशेने ते भलतंच ताठ असतं, आडव्या दिशेने मात्र सहज वाकतं. म्हणून आतून पट्ट्या चिकटवाव्या लागतात. तोरेसने त्या पंख्यासारख्या पसरवल्या, तर अमेरिकेत मार्टिन या गिटार कंपनीच्या कारखान्यात १८४० च्या दशकात त्या एकमेकींना छेदून लावायला सुरुवात झाली. पुढे स्टीलच्या तारा आल्या तेव्हा हीच फुलीची रचना टिकली.

कारागीर फळी कशी पारखतो ते पाहण्यासारखं असतं. ओंडका मध्यापासून बाहेरच्या दिशेने चिरलेला असला की वाढीच्या रेषा फळीवर सरळ, समांतर उमटतात आणि तिरक्या उजेडात त्यांना छेदणारी रेशमी चमक दिसते. त्याच फळीचे जाडीतून दोन पातळ भाग करून ते पुस्तक उघडावं तसे शेजारी जोडतात. मग फळी दोन बोटांत अलगद धरून दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारायची. चांगली फळी स्वच्छ, लांबणारा नाद देते. जाडी अडीच-तीन मिलिमीटरपर्यंत उतरवताना कारागीर पुन्हा पुन्हा तिला वाकवून आणि वाजवून पाहतो. या कामाला कोष्टक पुरत नाही, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात.

मग कोणतं स्प्रूस? युरोपात आल्प्सचं, अमेरिकेत अ‍ॅडिरॉनडॅक डोंगरांतलं. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथली मोठी झाडं संपत आली आणि मार्टिन पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सिट्का स्प्रूसकडे वळली. आज सिट्काचा आवाज हाच ‘नेहमीचा’ वाटतो. स्पॅनिश कारागीर होसे रामिरेझ तिसरे यांनी १९६० च्या दशकात क्लासिकल गिटारला वेस्टर्न रेड सीडरची तांबूस फळी बसवली आणि तिच्या उबदार, चटकन उमटणाऱ्या आवाजाचीही कानांना अशीच सवय झाली.

पाठीच्या लाकडाची गोष्ट मात्र बरीचशी व्यापाराची आणि डोळ्यांच्या हौसेची आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये उंची गिटार आबनूस आणि कासवाच्या पाठीने मढवल्या जात. ब्राझीलचं रोजवुड उंची फर्निचरला चाले, तेच गिटारवरही आलं. स्पेनमध्ये स्वस्त आणि जवळ मिळणारं सायप्रसचं लाकूड साध्या गिटारांना लागायचं. त्या गिटारांचा हलका, तुटक आवाज फ्लामेंको या स्पॅनिश संगीताला इतका शोभला की तीच परंपरा झाली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट आली, तिच्याबरोबर हवाईचं सोनेरी पट्ट्यांचं कोआ लाकूड आलं.

ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा, १९६९ च्या सुमारास, मार्टिनने भारतीय शिसवी, म्हणजे रोजवुडचाच एक प्रकार, वापरायला घेतलं आणि बाकीचे मागोमाग गेले. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोजवुड साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद झाला. त्यानंतर त्याच्या आवाजाची कीर्ती वाढतच गेली. या कीर्तीत दुर्मिळतेचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तसं मानायला आधारही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासासाठी पाठ आणि बाजू वगळता एकसारख्या सहा गिटार बनवून घेतल्या होत्या. लाकडं होती ब्राझिलियन रोजवुड, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सॅपेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी मंद उजेडात, वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवल्या. आवाजाच्या गुणांत फरक नगण्य निघाला, महागड्या लाकडाला कौल मिळाला नाही. याचा अर्थ पाठीला काहीच काम नाही असा नव्हे. महोगनी कंपन लवकर शोषतं आणि शिसवी उशिरा, हे मोजता येतं. पण फळीची जाडी आणि आतल्या पट्ट्यांची ठेवण यांनी पडणारा फरक त्याहून मोठा असतो. टेलर या अमेरिकी गिटार कंपनीने तर १९९५ मध्ये सामान वाहून नेणाऱ्या पॅलेटच्या लाकडापासून गिटार बनवली आणि ती छान वाजली.

२०१७ च्या जानेवारीत ब्राझिलियन सोडून रोजवुडची बाकी सगळी जात साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. एकेका वाद्यासाठी परवाने काढायची वेळ आली आणि कारखाने इतर लाकडं शोधू लागले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ब्राझिलियन रोजवुडवरची बंदी कायम राहिली.

आबनूसचं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबतात ती दांड्यावरची पट्टी, काळाकुळकुळीतच हवा, असा बाजाराचा आग्रह. पण आतलं लाकूड काळं आहे की पट्टेरी, हे झाड पाडल्यावरच कळतं. पट्टेरी निघालं की ते जंगलातच सोडून दिलं जाई. २०११ मध्ये टेलरने एका स्पॅनिश लाकूड व्यापारी कंपनीसोबत कॅमेरूनमधली आबनूसची गिरणी विकत घेतली आणि ही नासाडी उघड केली. रंगाच्या या पट्ट्यांनी आवाजात काहीच बिघडत नाही. त्यानंतर कंपनीने पट्टेरी लाकडालाही पूर्ण भाव देऊन ते आपल्या गिटारवर बसवायला सुरुवात केली.