सांधे, मानवी शरीरातील

दोन किंवा अधिक हाडे जिथे एकमेकांशी जोडली जातात त्या जागेला सांधा किंवा संधी म्हणतात. सांधा म्हटला की हालचाल डोळ्यांपुढे येते, पण कित्येक सांधे हालण्यासाठी नसतातच. हाडांच्या मध्ये तंतू, कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती) किंवा द्रवाने भरलेली पोकळी यांपैकी काय आहे, यावरून सांध्यांचे 3 मुख्य प्रकार पडतात आणि हालचाल किती होणार हेही बहुतांशी त्यावरच ठरते.

तंतुमय सांध्यांत हाडे चिवट ऊतीने घट्ट बांधलेली असतात. कवटीच्या दातेरी शिवणी या त्यांपैकीच. जन्मतः कवटीच्या हाडांमध्ये फटी असतात, म्हणून प्रसूतीत डोके थोडे दबू शकते आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. दात आणि जबडा यांची जोडणीही याच गटात घालतात. दात हे हाड नव्हे, तरी ही सोय रूढ आहे. कूर्चामय सांध्यांपैकी मणक्यांमधल्या चकत्या आणि ओटीपोटाखालचा जघनास्थींचा सांधा यांत थोडीच हालचाल होते.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे चल सांध्यांत, हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. भोवती तंतुमय संपुट, त्याच्या आतून संधिकलेचे पातळ अस्तर आणि अस्तरातून पाझरणारा वंगणासारखा द्रव. निरोगी गुडघ्यातही तो जेमतेम काही मिलिलिटरच असतो. टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर पडतो, दाब सुटला की आत शिरतो; तिचे पोषण मुख्यतः याच द्रवातून होते. त्यामुळे सांधा फार दिवस जखडून ठेवणे तिला मानवत नाही. झिजलेली कूर्चा फारशी भरून येत नाही, आणि दुखू लागते ते संपुट, अस्तर किंवा खालचे हाड. बोटे मोडताना होणारा आवाज मात्र हाडे घासल्याचा नसतो. पोकळीतला दाब अचानक उतरून द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याच्याशी तो निगडित आहे. म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही.

चल सांध्यांचे उपप्रकार टोकांच्या आकारावरून ठरतात. कोपराचा सांधा बिजागरीचा, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला खुंटीचा, अंगठ्याच्या मुळाशी खोगिरी. खुबा आणि खांदा हे दोन्ही उखळीचे सांधे, तरी स्वभावाने अगदी वेगळे. खुब्याची खोबण खोल आहे, त्यामुळे तो सहसा निखळत नाही. खांद्याची खोबण उथळ असल्याने हात जवळजवळ सगळीकडे फिरतो, पण मोठ्या सांध्यांत सर्वाधिक निखळतो तो खांदाच.

गुडघ्याला नुसती बिजागरी म्हणणे अपुरे आहे. पाऊल जमिनीवर टेकवून पाय सरळ करताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड किंचित आतल्या बाजूला वळते, हाडांना हाडांशी बांधणारे चिवट पट्टे, म्हणजे बंध, ताणले जातात आणि गुडघा जागीच अडकतो. त्यामुळे ताठ उभे राहताना मांडीच्या स्नायूंना कमी कष्ट पडतात. पुन्हा वाकताना गुडघ्यामागचा एक लहान स्नायू आधी हे हाड उलट फिरवून अडक सोडवतो, मगच गुडघा दुमडतो.