जॉर्डन्स मीटिंग हाउस

इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यातील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे ऐतिहासिक उपासनागृह आणि त्याला लागून असलेली दफनभूमी. लंडनच्या वायव्येस, बीकन्सफील्ड व चॅलफंट सेंट जाइल्स या गावांच्या दरम्यान, चिल्टर्न टेकड्यांच्या परिसरात ते आहे. बांधकाम १६८८ चे. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन (१६४४–१७१८) याचे थडगे येथे असल्यामुळे ही जागा जगभर माहीत झाली. तरीही दफनभूमी वास्तूच्या सतरा वर्षे आधीची, १६७१ मधली आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या स्थळाचे मोल कळत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यास उदयाला आलेल्या क्वेकरांनी धर्मगुरू, संस्कारविधी, शपथ आणि युद्ध या चारही गोष्टी नाकारल्या. सरकारमान्य चर्चबाहेर उपासनेसाठी एकत्र जमणे १६६४ च्या कायद्याने गुन्हा ठरले आणि हजारो क्वेकर तुरुंगात गेले. या भागात छळ कोणत्या थराला गेला होता, हे एका प्रसंगावरून दिसते. १ जुलै १६६५ रोजी जवळच्या ॲमरशम गावातून एका क्वेकराची अंत्ययात्रा निघाली असता दंडाधिकाऱ्याने ती अडवली. शवपेटी खांद्यावरून खाली पाडण्यात आली, संध्याकाळपर्यंत ती भर रस्त्यात पडून राहिली आणि खांदेकरी कैदेत गेले. त्यांत आयझॅक पेनिंग्टन आणि टॉमस एलवूड हे क्वेकर लेखक होते. आपल्या माणसाला सन्मानाने माती देता यावी, यासाठी स्वतःची जमीन असणे किती निकडीचे होते, हे यावरून कळते. पुढे ही जागा विकत घेतली गेली. पेनिंग्टन, त्याची पत्नी मेरी आणि एलवूड हे तिघेही आज इथेच चिरविश्रांती घेत आहेत.

उपासनेसाठी मंडळी आधी शेजारच्या ‘ओल्ड जॉर्डन्स’ या शेतघरात जमत. दुसऱ्या जेम्स राजाने १६८७ मध्ये धर्मसहिष्णुतेचा जाहीरनामा काढला आणि वर्षभरातच हे सभागृह उभे राहिले. सहिष्णुतेचा कायदा त्यानंतर १६८९ मध्ये संमत झाला. म्हणजे कायद्याचे संरक्षण मिळण्याआधीच लोकांनी विटा रचल्या होत्या.

वास्तू बाहेरून एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरासारखी दिसते. विटांच्या भिंती, चारही बाजूंनी उतरते कौलारू छप्पर. मनोरा नाही, घंटा नाही, क्रूसही नाही. आत एक प्रशस्त खोली, विटांची फरशी, भिंतींना लाकडी फळ्यांचे आच्छादन आणि साधी बाके. वेदी किंवा व्यासपीठ नाही. एका टोकाला राहण्याच्या दुमजली खोल्या आहेत. वरच्या खोलीच्या झडपा उघडल्या की तिथे बसलेल्यांनाही सभेत सहभागी होता येते. १० मार्च २००५ रोजी लागलेल्या आगीत विसाव्या शतकातील जोडबांधकाम आणि जुने छप्पर होरपळले, मात्र मूळ दालन धूर व पाण्याचा मारा सोसून वाचले. दुरुस्तीनंतर २००८ मध्ये सभागृह पुन्हा खुले झाले.

इथे आजही उपासना होते, आणि पाहुण्याने शक्यतो तीच वेळ साधावी. रिकामी खोली पाहून या वास्तूचा निम्माच परिचय होतो. सगळे साधारण तासभर मौन बसतात. कोणाला आतून काही सांगावेसे वाटले, तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो आणि बसतो. मग पुन्हा शांतता. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन झाले की सभा संपली. क्वेकर नसलेल्यांनाही मज्जाव नसतो. महाराष्ट्राला ही परंपरा अगदीच अनोळखी नाही. स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला गांधीजींच्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवणाऱ्या मार्जरी साइक्स या क्वेकरच होत्या.

सभागृहासमोरच्या दफनभूमीत एकसारख्या लहान शिळा आहेत. पेन, त्याच्या दोन्ही पत्नी गुलिएल्मा व हॅना आणि त्याची अनेक मुले येथे आहेत. वसाहतीच्या संस्थापकाची शिळा इतरांहून तसूभरही मोठी नाही. सुरुवातीचे क्वेकर थडग्यावर दगड ठेवणेही गर्वाचे लक्षण मानत. आजच्या शिळा एकोणिसाव्या शतकात बसवल्या गेल्या, त्यामुळे त्यांच्या जागा अंदाजाने ठरलेल्या आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या द्विशताब्दीच्या सुमारास, १८८१ मध्ये, पेनचे अवशेष अमेरिकेला नेण्याची मागणी तिकडून आली. क्वेकरांनी ती नाकारली. पेनची साधेपणाची शिकवण पाहता हाच निर्णय योग्य होता.

परिसर : ओल्ड जॉर्डन्सच्या आवारातील ‘मेफ्लॉवर बार्न’ हे कोठार १६२० मध्ये इंग्लिश स्थलांतरितांना अमेरिकेला घेऊन गेलेल्या मेफ्लॉवर जहाजाच्या लाकडाचे आहे, असे क्वेकर अभ्यासक रेंडेल हॅरिस यांनी १९२० मध्ये मांडले. त्याला ठोस पुरावा नाही. या परिसराची खरी मोठी आठवण वेगळीच आहे : १९१४ मध्ये रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणाऱ्या, पण शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर तरुणांच्या रुग्णवाहिका पथकाचे पहिले प्रशिक्षण शिबिर जॉर्डन्सलाच भरले. शेतघर आता खासगी मालकीचे आहे. जवळच क्वेकरांनी १९१९ मध्ये वसवायला घेतलेले जॉर्डन्स गाव आहे. मधोमध हिरवळ आणि तिच्याभोवती फ्रेड राउंट्री या वास्तुकाराने आखलेली विटांची घरे अशी त्याची रचना आहे.

चॅलफंट सेंट जाइल्सचे ‘मिल्टन्स कॉटेज’ मात्र चुकवू नये. १६६५ मध्ये लंडनला प्लेगने ग्रासले, तेव्हा अंध कवी जॉन मिल्टनसाठी हे घर एलवूडने शोधून दिले. तो तरुणपणी मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवत असे. मिल्टन राहायला आला त्या वेळी एलवूड नेमका वर सांगितलेल्या अंत्ययात्रेपायी तुरुंगात होता. सुटून भेटायला गेला, तेव्हा मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचे हस्तलिखित त्याच्या हाती दिले. हरवलेल्या स्वर्गाबद्दल एवढे लिहिलेत, सापडलेल्या स्वर्गाचे काय, असे एलवूडने विचारले, आणि त्यातूनच ‘पॅरडाइज रिगेन्ड’ सुचल्याचे श्रेय मिल्टनने पुढे त्याला दिले. १८८७ मध्ये लोकवर्गणीतून विकत घेतलेले हे घर आता संग्रहालय आहे. ते वर्षभर उघडे नसते, म्हणून वेळा आधी पाहून जावे.

मुले बरोबर असतील, तर बीकन्सफील्डला १९२९ पासून सुरू असलेले ‘बेकनस्कॉट’ हे छोट्या प्रतिकृतींचे गाव आहे. चॅलफंट सेंट जाइल्सजवळच्या चिल्टर्न ओपन एअर म्युझियममध्ये पाडल्या जाणार असलेल्या जुन्या इमारती उचलून आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत. लंडनच्या मॅरिलबोन स्थानकातून सीअर ग्रीन अँड जॉर्डन्सला रेल्वेने उतरल्यास मीटिंग हाउस पायी गाठता येते.