सोमल आणि वाटाण्याचं सूप

सोमल, म्हणजे आर्सेनिकची पांढरी भुकटी, विषारी तर आहेच, शिवाय लबाडही. वास नाही, सांगण्यासारखी चव नाही. गार पाण्यात धड विरघळत नाही, पण वाफाळत्या रसात बऱ्यापैकी उतरते. पोटात गेली की उलट्या, जुलाब, पायांत गोळे. थेट पटकीचीच लक्षणं! जुन्या काळच्या वैद्याने ओळखावं तरी कसं?

स्वीडनचा पदच्युत राजा एरिक चौदावा २६ फेब्रुवारी १५७७ रोजी ओर्बीहूसच्या गढीत कैदेत मेला. वाटाण्याच्या सुपातून त्याला सोमल दिला, असं तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. (तरीही स्वीडिश घरांत गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप होतंच. आणि ‘चौदावा’ हा आकडाही फसवाच: तो ज्या इतिहासावरून घेतला, त्यातले बरेच एरिक काल्पनिक होते.)

बाप गुस्ताव वासा. त्याच्या तीन राण्यांपैकी पहिलीचा एरिक हा एकुलता मुलगा. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आई गेली. दुसरीचे योहान, मॅग्नुस, कार्ल हे सावत्र भाऊ. एरिक हुशार, ग्रहताऱ्यांवर भिस्त ठेवणारा आणि कमालीचा संशयी. १५६७ मध्ये उप्सालात त्याने कैदेतल्या सरदारांची कत्तल करवली, त्यांतल्या एकावर स्वतः वार केला आणि पुढे काही महिने भ्रमिष्टासारखा वागला. मॅग्नुसही मानसिक आजाराने ग्रासलेला होता. दोघांना जोडणारा धागा बापाचा. पण चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज रोगाचं नाव चिकटवणं मला धाडसाचं वाटतं.

एरिकने कारिन मोन्सडॉटर या साध्या शिपायाच्या मुलीला राणी केलं. सरदार आणखी बिथरले. १५६८ मध्ये योहानने गादी बळकावली. कैदेतल्या एरिकला सोडवायचा प्रयत्न झाला तर त्याला संपवावं, असा निर्णय १५७५ मध्ये राजाच्या सल्लागार मंडळाने लेखी नोंदवूनच ठेवला होता.

१९५८ मध्ये वेस्तेरोसच्या कॅथेड्रलमधली त्याची शवपेटी उघडली. अवशेषांत आर्सेनिकचं प्रमाण बरंच जास्त निघालं. ३८१ वर्षांनी कसं सापडलं? कारण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. शरीर कुजतं, वनस्पतिजन्य विषाचे रेणू मोडतात, पण मूलद्रव्याचं आणखी काय मोडणार? ते हाडांत, केसांत, पेटीतल्या मातीत पडून राहतं. त्यात केसांतल्या केराटिन या प्रथिनात गंधक असतं, आणि आर्सेनिक गंधकाला घट्ट चिकटतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून विष थोडंथोडं, महिनोन्महिने दिलं तर त्याची रोजनिशीच केसात उतरते. एकाच वाडग्याने माणूस दोन दिवसांत दगावला, तर मात्र विष पोटात आणि यकृतात असतानाच सगळं आटोपतं; केसाला वाढायला वेळच मिळत नाही.

शिवाय त्या काळी आर्सेनिक औषधातही वापरत. म्हणजे विष शरीरात होतं एवढं पेटी सांगते. ते कोणाच्या हातचं, हे ती सांगत नाही. इथे १५७५ चा तो कागदच जास्त बोलतो.

त्याच वर्षी एरिकचा मुलगा गुस्ताव, वय सात, कारिनपासून तोडला गेला आणि परमुलखात वाढला. मायलेकांची भेट झाली १५९६ मध्ये, बाल्टिक किनाऱ्यावरच्या रेव्हालला. तो स्वीडिश विसरला होता. आईने म्हणे त्याला अंगावरच्या जन्मखुणांवरून ओळखलं.