कोड आवरणं वेगळं, कोड तपासणं वेगळं

नवं फीचर नाही, बगही मिटवलेला नाही, तरी पॅच (कोडमधल्या बदलांचा संच) आलाय. अशा पॅचमध्ये बहुतेक वेळा एक तर कोड आवरलेला असतो, नाहीतर त्याला टेस्ट (कोड नीट वागतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिलेल्या असतात. दोन्ही कामं 'क्वालिटी'च्याच खात्यात जमा होतात, त्यामुळे एक झालं की दुसरंही झाल्यासारखं वाटतं. आवरण्याने, म्हणजे क्लीनअपने, कोड वाचायला सोपा होतो. वागायला मात्र तो होता तसाच राहायला हवा. टेस्ट मूळ कोडला हातही लावत नाही, तो कोड आज कसा वागतो तेवढं नोंदवून ठेवते. वागणं बदललेलं नाही हे आवरणारा गृहीत धरतो. ते खरं की खोटं हे टेस्ट सांगते, पण तो प्रश्न आधी कुणी तिच्यात लिहून ठेवला असेल तरच.

तो प्रश्न लिहिलेला नसला की काय होतं ते डेबियनने (ही लिनक्सची एक आवृत्ती) पाहिलंय. २००६ मध्ये व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधन ओपनएसएसएलवर (एन्क्रिप्शनची लायब्ररी) सारखी वॉर्निंग देत होतं: आधी काहीच न भरलेली मेमरी वापरली जातेय. ओपनएसएसएलच्या लोकांना विचारून डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन ओळी कॉमेंट केल्या गेल्या, म्हणजे चालणार नाहीत अशा केल्या गेल्या, आणि वॉर्निंग थांबली. पण त्यातली एक ओळ रँडम आकड्यांसाठी बाहेरून गोळा केलेली सगळी अनिश्चितता आत मिसळत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला सिस्टीम देते तो क्रमांक), आणि लिनक्सवर त्याची नेहमीची मर्यादा ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या मशीनवर एका लांबीच्या एसएसएच किल्ल्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनसाठीच्या) साधारण तेवढ्याच प्रकारच्या निघणार, म्हणजे ओळखता येतील इतक्या थोड्या. हे उघड व्हायला मे २००८ उजाडला.

मधल्या काळात किल्ल्या बनत होत्या, सह्या पडताळल्या जात होत्या, सगळं हिरवं, म्हणजे पास. दोनदा किल्ली काढून त्या वेगळ्या आहेत ना, एवढं बघणारी टेस्टसुद्धा पास झाली असती, कारण दर वेळी प्रोसेस आयडी वेगळा! 'टेस्ट पास आहेत, करा मर्ज' (म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्या) हे वाक्य ऐकलं की मला हे प्रकरण आठवतं.

उलट बाजूचं उदाहरण गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं. 'गिट स्टॅश' ही अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणारी कमांड वर्षानुवर्षं शेल स्क्रिप्ट होती. ती सी भाषेत नव्याने लिहून जून २०१९ च्या २.२२ आवृत्तीत आली. त्या पॅचमालिकेत सीचा कोड येण्याआधी टेस्टचे पॅच होते: कुठला पर्याय दिला की काय व्हायला हवं, याच्या सुटलेल्या जागा आधी भरून घेतल्या. त्या टेस्टना जुनी स्क्रिप्ट जी उत्तरं देत होती, तीच नव्या कोडला द्यावी लागली. आणि तरीही जुनी स्क्रिप्ट लगेच फेकली नाही. एक सेटिंग बदलून परत तिच्यावर जाता येत होतं. याच कामात टेस्टच्या फाइलीची जुनी लेखनशैलीही सुधारून घेतली, कारण टेस्ट हाही कोडच, त्यातही कचरा साचतो.

म्हणून 'आधी पूर्ण प्रोजेक्टला टेस्ट लावू, मग आवरू' हा हट्ट मला पटत नाही. फुकटात वेळ देणाऱ्या मंडळींच्या प्रोजेक्टमध्ये तो दिवस येत नाही. ज्या फंक्शनला हात लावायचाय त्याचं आजचं वागणं टेस्टमध्ये पकडा, ती टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेला एक बदल) घाला, मग आवरा. क्लीनअप म्हणवणाऱ्या पॅचमध्ये टेस्टची अपेक्षित उत्तरंच बदललेली दिसली, तर ते क्लीनअप नव्हे. (टेस्ट आतल्या रचनेला चिकटून लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग दोष त्या टेस्टचा.)

नुसतं स्पेसिंग किंवा कंस सरळ करणाऱ्या पॅचला नवी टेस्ट नको. त्याचा त्रास वेगळाच: 'गिट ब्लेम' (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) केलं की प्रत्येक ओळीवर आवरणाऱ्याचंच नाव, आणि ती ओळ मुळात का लिहिली ते शोधताना दमछाक. गिटची स्वतःची नियमावलीही म्हणते की खऱ्या बदलाची तयारी म्हणून शैली सुधारा, निव्वळ शैलीसाठी कोड घुसळू नका. तरी सगळा कोड एकदाच फॉरमॅट करायचाच असेल, तर ऑगस्ट २०१९ च्या २.२३ पासून अशा कमिटांची यादी एका फाइलीत ठेवून ब्लेमला ती वगळायला सांगता येतं.