यामलमध्ये दोनच स्पेस लागतात? नाही हो!

नवीन पोरांना हे अजून शिकवलं जातं की यामल (YAML, म्हणजे प्रोग्रामची सेटिंग्ज वगैरे साध्या मजकुरात लिहायचा फॉरमॅट) फाइलमध्ये प्रत्येक पायरीला बरोब्बर दोन स्पेस द्यायच्या, नाहीतर फाइल चालत नाही. असा नियमच नाहीये. 2001 पासून हा फॉरमॅट आहे आणि त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अधिकृत नियमावलीत, एवढंच म्हटलंय की आतली ओळ बाहेरच्यापेक्षा जास्त आत हवी आणि एकाच पातळीवरची भावंडं एका रेषेत हवीत, मग दोन द्या, तीन द्या नाहीतर सात द्या. दोन ही फक्त सवय आहे, चांगली सवय आहे, पण नियम नाही.

बघा, "पत्ता:" लिहिलं, खाली तीन स्पेस देऊन "गाव: सातारा" आणि परत तीन देऊन "तालुका: सातारा", मस्त चालतं. आता तालुक्याला दोनच द्या, लगेच एरर. पण एकही दिली नाही तर एरर येतच नाही, तालुका गुपचूप पत्त्याच्या बाहेर पडतो, आणि मला खरी भीती याचीच वाटते कारण मी स्वतः अशा एका ओळीपायी अख्खी संध्याकाळ घालवलीय.

टॅबचं मात्र खरंय, इंडेंटसाठी, म्हणजे ओळ आत सरकवायला, टॅब चालतच नाही. कारण साधं आहे, कुठल्या एडिटरमध्ये टॅब चार घरांचा दिसतो कुठे आठ, मग डोळ्याला दिसणारी रचना आणि मशीनला कळणारी रचना वेगळी झाली असती. एडिटरच्या सेटिंगमध्ये टॅबच्या जागी स्पेस टाकायचा पर्याय असतो, तो आजच चालू करा.