जुनी किटगाडी दुरुस्तीला पाठवताय? आधी फेविक्विक खाली ठेवा

राजेहो, आमचं दुकान मुळात रेडियम, नंबरप्लेट अन् बुलेटच्या टाक्या रंगवायचं, पण आता प्लास्टिकच्या किटगाड्या दुरुस्तीला एवढ्या येऊन राहिल्या की तेच ते फोनवर सांगून तोंड दुखलं, म्हणून हा कागद छापला. काउंटरवर ठेवलेला आहे, फुकट आहे, न्या.

कोणत्या गाड्या ते आधी. टामिया, रेवेल, एएमटी, हसेगावा वगैरे कंपन्यांच्या, डब्यातून फ्रेमला लटकलेले पार्ट काढून जोडायच्या असतात त्या, १/२४ किंवा १/२५ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या नाहीतर पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या. टामियाची १९६६ ची बीटल आहे न, ती जोडल्यावर साधारण सतरा सेंटीमीटर भरते, त्या मापाचं काम आम्ही करतो. पत्र्याच्या तयार गाड्या, चावीच्या, रिमोटच्या, त्या नाही. पोट्ट्यांची खेळणी पण नाही, आग्रह करू नका.

आता असली गाडी बहुतेक वेळा ओएलएक्सवरून, पुण्याच्या जुन्या बाजारातून नाहीतर बाहेरदेशी राहणाऱ्या नातेवाइकाच्या माळ्यावरून आलेली असते, पहिल्या मालकाने लहानपणी कशीतरी जोडलेली, एक चाक हवेत, दरवाजाच्या फटीतून ग्लू बाहेर आलेला, ब्रशने मारलेला रंग जाड. त्याचं आम्हाला काहीच नाही, तेच तर आमचं काम आहे. अडचण होते ती तुम्ही गाडी घेतल्यावर अन् आम्हाला पाठवायच्या आधी, त्या मधल्या दोन दिवसांत.

होतं काय, बंपर ढिला असतो, आरसा निघालेला असतो, काच (ती पण पारदर्शक प्लास्टिकचीच) आत हलून राहिली असते. कुरिअरमध्ये हरवू नये म्हणून तुम्ही चांगल्या मनाने फेविक्विकचा एक एक थेंब मारून देता अन् वरून मेसेज टाकता, भाऊ सगळे पार्ट चिकटवून पाठवले, तुमचं काम सोपं केलं. नाही जी, तिथंच काम दुप्पट झालं. सुटलेला पार्ट म्हणजे आमच्यासाठी अर्धं काम झालेलं असते, तो सोडवायला आम्ही पैसे घेतो अन् तुम्ही तो आयता सुटलेला परत चिकटवून देता!

काहून ते समजून घ्या. किटचा खरा ग्लू हा आपल्या नेहमीच्या अर्थाने गोंद नसतोच, तो त्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात अन् द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो, वेल्डिंगच समजा. फेविक्विकचं तसं नाही, ते दोन पार्टांच्या मधात कडक थर होऊन बसते, प्लास्टिकमध्ये शिरत नाही. वस्तू चांगली आहे, आमच्याही ड्रॉवरमध्ये चार नळ्या आहेत, पण जागा चुकली की तीन त्रास होतात. एक तर ते पातळ असते, बंपरला लावलेला थेंब फटीफटीने पळतो अन् दरवाजाची लाइन, चाकाचा अॅक्सल सगळं जाम करून टाकतो. दुसरं, एक दिवस गेला की ते प्लास्टिकपेक्षा कडक होते, मग त्यावर वॉटर पेपर मारला तर आजूबाजूचं प्लास्टिक घासून जाते अन् फेविक्विकचा उंचवटा तसाच राहतो, रंग मारल्यावर तो दुरून पण दिसतो. अन् तिसरं म्हणजे काच. फेविक्विक वाळताना त्याची वाफ निघते, ती काचेवर बसून पांढरी होते, तुम्हाला वाटते धूळ आहे, ओल्या फडक्याने पुसता, ती हलत पण नाही.

मागे एक बीटल आली होती, समोरच्या काचेला चारही बाजूंनी पांढरी झालर, मधात रुपयाएवढीच जागा साफ, अन् बॉनेटवर जुन्या ग्लूने मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये अंगठ्याचा ठसा असा उमटलेला की आधार कार्डाला चालला असता. ठसा जुन्या मालकाचा, झालर नवीन मालकाची. ठसा काढायला वॉटर पेपर ४०० नंबरपासून २००० पर्यंत (नंबर जास्त तितका पेपर बारीक), सरळ काम होतं. काचेला मात्र २००० नंतर ३००० अन् मग कंपाउंड लावून बोटाने घासत बसावं लागलं, ते पण ती पातळ काच चरकणार नाही असा श्वास धरून.

आता याच्या पुढची गंमत. चिकटवलं ते चुकलं असं लक्षात आलं की लोक नेलपॉलिश रिमूव्हर काढतात. त्यात असिटोन असते, असिटोनने फेविक्विक सुटते हे खरं, पण पॉलिस्टायरीन त्याच्या आधी सुटते. थिनरचं तेच. पेट्रोलने लगेच वितळत नाही म्हणून लोकांना ते बरं वाटते, पण ताण असलेल्या जागी बारीक तडे जातात, छताचे खांब हातात येतात. वितळलेल्या बॉडीला आम्ही हात लावत नाही, ती परत करतो, कुरिअर तुमच्या खर्चाने, यावर वाद नको.

मग आम्ही कसं सोडवतो? निव्वळ फेविक्विकचा सांधा असला तर गाडी पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये, थंडीत फेविक्विक ठिसूळ होते अन् बोथट पात्याने हलकं उचकलं की टक करून निघते. हे तुम्ही घरी पण करू शकता, काही रॉकेट सायन्स नाही, फक्त वाकवून ओढू नका. खऱ्या ग्लूचा सांधा फ्रीजरला दाद देत नाही, तो पातळ करवतीने कापावा लागते अन् कापलेली जागा प्लास्टिकच्या पट्टीने भरून काढावी लागते. आता एकाच सांध्यात खाली जुना ग्लू अन् वरून तुमचं फेविक्विक असं असलं तर ना फ्रीजर चालते ना करवत नीट बसते. रेटमध्ये जो फरक दिसते तो याचा आहे. लोक म्हणतात फोटोवर रेट सांगत नाही म्हणजे भाऊ गाडी हातात आली की पैसे वाढवतो. अहो, फोटोत सांध्याच्या आत काय आहे ते दिसते का?

जुना रंग काढण्याबद्दल थोडक्यात. अॅक्रिलिक असला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, एनॅमल असला तर ब्रेक ऑइल, डॉट ३ चालते, हातमोजे घालून, अन् काचा त्यात टाकायच्या नाहीत. क्रोमचे पार्ट आमच्यावर सोडा. तो अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, कास्टिक सोड्याने निघते, पण ते घरात पोट्ट्यांच्या हाताशी ठेवायची वस्तू नाही. नवीन क्रोम आम्ही चकचकीत काळ्यावर मारतो, कंपनीसारखा हुबेहूब येत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

वेळ लागतो ही तक्रार पण ऐकतो. पुट्टी आत बसत राहते, घाई केली तर महिनाभराने खड्डा पडते. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर मारलं तर ते पांढरं पडते, म्हणून झड लागली की आम्ही रंग बंद ठेवतो, गाडी उघडी पडून राहते पण खराब होत नाही.

पाठवताना सुटलेले पार्ट सुटेच राहू द्या, छोट्या पिशवीत घालून पिशवी खोक्याच्या आतल्या बाजूला टेप करा. टायर काढून वेगळ्या कागदात गुंडाळा, जुने मऊ टायर प्लास्टिकला टेकून राहिले की त्यातलं तेल रिमला अन् काचेला खाते, अन् तो डाग घासून जात नाही. उन्हाळ्यात खोकं बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्याकडे बाहेरच ४५ असते, आत गाडीचं छत भिजवलेल्या पोह्यासारखं मऊ होऊन खाली बसते. चिठ्ठीवर एवढंच लिहा की कुठं काय लावलं, फेविक्विक, फेविबॉन्ड, एम-सील, जे असेल ते खरं लिहा, आम्ही रागावत नाही, रेट मात्र त्यावरच ठरते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कप्पे असलेलं पॅकिंगचं खोकं दुकानात मिळते, गाडी दुरुस्तीला आली तर त्याचे पैसे बिलातून वजा. जुन्या किटमधले उरलेले आरसे, वायपर, चाकं पण आहेत, तुमचा पार्ट हरवलेला असला तर विचारून पहा, १/२५ चं बरंच सामान निघते.

मोकळ्या वेळात स्वतः शिकायचं असलं तर रविवारी दुपारून या, येताना एखादी बिघडलेली गाडी आणा, चहा आमचा. पोळा अन् तान्हा पोळा दोन्ही दिवस दुकान बंद, त्या आठवड्यात पार्सल एसटीने टाकू नका, डेपोवर घ्यायला कोणी येणार नाही.