मातीतील किरणोत्सर्ग: बेकेरेल वेगळे, सिव्हर्ट वेगळे

माती तपासणीच्या अहवालात ‘पोटॅशियम-४०: ४०० बेकेरेल प्रति किलो’ असे वाचले की छातीत धस्स होते. हा आकडा मातीचा आहे, आपल्या शरीराचा नाही. दर सेकंदाला एका अणुकेंद्राचा ऱ्हास म्हणजे एक बेकेरेल. सिव्हर्ट मात्र शरीराने शोषलेल्या ऊर्जेचा, तिचा जैविक परिणाम धरून केलेला हिशेब आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २००० साली जगभरच्या मातीची मध्यक मूल्ये दिली, ती किलोमागे अशी: पोटॅशियम-४० चे ४०० बेकेरेल, युरेनियम-२३८ चे ३५ आणि थोरियम-२३२ चे ३०. पोटॅशियमचा आकडा दहापटीहून मोठा आहे. तरीही जमिनीपासून एक मीटर उंचीवर हवेत मिळणारी मात्रा (शोषलेली ऊर्जा; ती ग्रे या एककात मोजतात, नॅनोग्रे म्हणजे त्याचा अब्जावा भाग) काढली, तर तिघांचा वाटा ताशी अनुक्रमे सुमारे १७, १६ आणि १८ नॅनोग्रे, म्हणजे जवळजवळ सारखाच येतो. याचे कारण मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते: पोटॅशियम-४० च्या शंभर ऱ्हासांपैकी जेमतेम अकरांतून गॅमा किरण निघतो, तर युरेनियम आणि थोरियम यांच्यामागे गॅमा किरण सोडणाऱ्या वंशजांची, म्हणजे ऱ्हासातून एकामागून एक तयार होणाऱ्या अणूंची, लांब साखळी असते.

बेकेरेल प्रयोगशाळेत मोजतात. माती वाळवून, चाळून डब्यात हवाबंद करतात आणि सुमारे चार आठवडे तशीच ठेवतात, कारण युरेनियमच्या साखळीतील रेडियमपासून बनणारा, ३.८ दिवस अर्धायुष्य असलेला (तेवढ्या काळात निम्मा उरणारा) रेडॉन वायू निसटला तर त्याच्या वंशजांवरून केलेले रेडियमचे मोजमाप कमी भरते. मग शिशाच्या कवचातील जर्मेनियम शोधक प्रत्येक अणूला त्याच्या गॅमा ऊर्जेवरून ओळखतो.

मात्रेचा दर शेतात उभे राहून हातातल्या मापकाने घेता येतो, पण त्यात अवकाशातून येणारे विश्वकिरणही मिसळतात आणि जमिनीत ओल मुरलेली असली तर मातीचा वाटा कमी दिसतो. वरच्या तिघांची बेरीज ताशी सुमारे ५१ नॅनोग्रे होते. माणूस दिवसाचा पाचवा भाग उघड्यावर असतो असे धरून ग्रेचे सिव्हर्टमध्ये रूपांतर केल्यास वर्षाला सुमारे ०.०६ मिलिसिव्हर्ट. दख्खनच्या बेसाल्टात हे तिन्ही घटक मुळातच कमी असतात, तर केरळमधील चवऱ्याच्या मोनाझाइट वाळूत थोरियम इतके आहे, की तिथे मात्रेचा मोठा भाग त्याच्याच साखळीतून येतो.